मत बनते घरात, मोजले जाते यंत्रात

आपल्या मराठी भाषेत 'मत' या एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत. एखाद्या प्रश्नावर आपल्याला जे वाटते ते मत आणि निवडणुकीत आपण जे देतो तेही मत. इंग्रजीत यासाठी ओपिनियन आणि व्होट असे दोन वेगळे शब्द आहेत. मराठीने दोन्हींसाठी एकच शब्द ठेवला, त्यात मोठा अर्थ भरलेला आहे असे मला वाटते. ज्याला पहिले मत नाही, त्याने दिलेले दुसरे मत त्याचे स्वतःचे कसे म्हणायचे? ते दुसऱ्याच कुणाचे तरी असते. बोट तेवढे आपले असते.

हा विचार माझ्या डोक्यात कसा आला ते आधी सांगतो. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत माझ्या थोरल्या मुलीने पहिल्यांदाच मतदान केले. आदल्या रात्री जेवताना तिने मला विचारले, "पप्पा, आपण कुणाला द्यायचं?" मी उत्तर देणार, तोच माझी आई म्हणाली, "त्याला नको विचारू. त्यानं एकदा सगळ्या वस्तीचं मत एकट्यानं देऊन टाकलं होतं."

मी मान खाली घालून जेवत राहिलो. आई खोटे बोलत नव्हती.

शेडचा व्यवहार

गोष्ट बऱ्याच वर्षांपूर्वीची आहे. आमच्या वस्तीत नगरपालिकेची निवडणूक होती. विहारापुढच्या मोकळ्या जागेत पावसाळ्यात कार्यक्रम करता येत नसे. एक उमेदवार आमच्या मंडळाकडे आला. पत्र्याची शेड बांधून देतो, वस्तीने एकगठ्ठा मतदान करावे, असे त्याचे म्हणणे. आम्ही पाच-सहा कार्यकर्त्यांनी रात्री बसून ठरवले आणि सकाळी घरोघर निरोप दिला. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, कचेरीत कारकून. माझ्या शब्दाला वस्तीत वजन होते. लोकांनी ऐकले. उमेदवार निवडून आला आणि त्याने शब्द पाळला. शेड उभी राहिली. आम्ही नारळ फोडला, फोटो काढला.

पुढच्याच वर्षी वस्तीचे गटार तुंबले. घाण पाणी घरात शिरू लागले, पोरे आजारी पडली. आम्ही नगरसेवकाकडे गेलो. तो शांतपणे म्हणाला, "भाऊ, तुम्हाला शेड दिली ना?"

त्या एका वाक्यात मला हिशेबाची सगळी विद्या आठवली. माल दिला, रोख घेतली, खाते बंद. ज्याने मत देऊन शेड घेतली, त्याची नगरसेवकाकडे काहीच येणे बाकी राहिली नव्हती. घरी आलो तेव्हा आई म्हणाली, "शेड चांगली झाली रे. पण माझं मत तू कुणाला विचारून दिलंस?"

या प्रश्नाचे उत्तर आजही माझ्याकडे नाही. म्हणूनच हा लेख लिहायला बसलो आहे.

मत येते कुठून?

राज्यशास्त्राचे अभ्यासक सांगतात की, माणसाची राजकीय समजूत लहानपणीच घडू लागते. आईबाप काय बोलतात, भिंतीवर कुणाचा फोटो आहे, शाळेत गुरुजी काय सांगतात, वस्तीत कुणाला मान आहे, कचेरीत कुणापुढे वाकावे लागते, या सगळ्यातून ती घडते. पूर्वी वर्तमानपत्र आणि रेडिओ होते, नंतर घरात टीव्ही आला, आणि आता हातातला मोबाईल दिवसभर कानाशी बोलतो आहे. मूल मतदार होते अठराव्या वर्षी, पण मत घेऊ लागते त्याच्या कितीतरी आधी.

येथे तीन गोष्टी वेगळ्या करून पाहिल्या पाहिजेत. पहिली निष्ठा. अमुक निशाणी आमच्या घरात चालत आली, म्हणून आम्ही तिलाच देतो. दुसरी विचारसरणी. समाज कसा असावा, जमीन, शिक्षण आणि नोकरी यांचे वाटप कसे व्हावे, स्त्रीला कोणते स्थान असावे, याविषयीची सुसंगत भूमिका म्हणजे विचारसरणी. तिसरी गोष्ट मत. समोर आलेल्या एका प्रश्नावर माहिती घेऊन केलेला निर्णय म्हणजे मत. निष्ठा वाईट नाही. तिच्यामुळेच चळवळी टिकतात. परंतु विचारसरणी सुटली आणि नुसती निष्ठा उरली की नेता जिकडे जाईल तिकडे आपण जातो, आणि तो का गेला हे विचारतसुद्धा नाही.

तथागतांनी केसपुत्त येथे कालामांना हेच सांगितले होते. ऐकीव आहे, परंपरेने आले आहे, ग्रंथात आहे किंवा गुरूने सांगितले आहे, एवढ्यावरून कोणतीही गोष्ट स्वीकारू नये. तिचा परिणाम हिताचा की अहिताचा, हे स्वतः पारखावे. प्रचाराच्या भाषणालाही हीच कसोटी लावावी, आणि मोबाईलवर पुढे ढकललेल्या संदेशालाही.

लोकमत म्हणजे गर्दी नव्हे

सभेला मैदान भरले म्हणजे लोकमत झाले, असे आपण समजतो. लोकमत म्हणजे सार्वजनिक प्रश्नावर लोकांनी आपसांत चर्चा करून बनवलेली भूमिका, आणि तिची दखल राज्यकर्त्यांना घ्यावी लागते. त्यासाठी 'लोक' म्हणजे कोण, हे आधी ठरावे लागते. १९३६ साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' या निबंधात बाबासाहेबांनी नेमके येथेच बोट ठेवले. ज्या समाजात माणसाची आपुलकी जातीपुरती थांबते, तेथे खरे लोकमत तयारच होऊ शकत नाही, असा त्यांचा मुद्दा होता. आज मतदारसंघाचे गणित जातींच्या बेरजेने मांडणारे पक्ष पाहिले की तो मुद्दा किती ताजा आहे हे कळते.

बाबासाहेब केवळ मुद्दा मांडून थांबले नाहीत. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला. १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारत' आणि १९३० मध्ये 'जनता' निघाले, आणि १९५६ मध्ये 'जनता'चेच 'प्रबुद्ध भारत' झाले. ज्यांना मताचा अधिकार नव्हता, त्यांचे मत बनवण्याचे काम या पत्रांनी केले. क्रम लक्षात घ्या. 'मूकनायक' १९२० चा आणि सर्व प्रौढांना मताधिकार देणारी राज्यघटना १९५० ची. मत बनवण्याचे काम मत मिळण्याच्या तीस वर्षे आधी सुरू झाले होते.

२२ डिसेंबर १९५२ रोजी पुण्यात वकिलांपुढे भाषण करताना बाबासाहेबांनी लोकशाही यशस्वी होण्याच्या अटी सांगितल्या. समाजात टोकाची विषमता नको, विरोधी पक्ष हवा, कायद्यापुढे व कारभारात समता हवी, घटनात्मक नीती पाळली जावी, बहुसंख्याकांनी अल्पसंख्याकांवर जुलूम करू नये, समाजात नीती असावी, आणि सार्वजनिक सदसद्विवेकबुद्धी जागी असावी. शेवटची अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. अन्याय माझ्यावर झालेला नाही, तरी तो अन्याय आहे म्हणून मी उठतो, ही ती बुद्धी. लोकमताला तिची जोड नसेल, तर जुलमी रूढीच्या बाजूनेही बहुमत होऊ शकते. एखाद्या गोष्टीला बहुमत आहे आणि ती गोष्ट न्यायाची आहे, ही दोन वेगवेगळी विधाने आहेत.

मताचा अधिकार कुणी फुकट दिला नाही

आज अठरा वर्षे पूर्ण झाली की नाव नोंदवता येते, म्हणून या अधिकाराची किंमत आपल्याला कळत नाही. इंग्रजांच्या राजवटीत मत मिळण्यासाठी मालमत्ता, कर किंवा शिक्षण लागत असे. जानेवारी १९१९ मध्ये साऊथबरो समितीपुढे साक्ष देताना बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या मताधिकाराचा आणि प्रतिनिधित्वाचा प्रश्न मांडला. १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे त्यांनी प्रौढ मताधिकाराची मागणी केली. १९५० मध्ये राज्यघटना अमलात आली आणि स्त्री-पुरुष, शिक्षित-अशिक्षित, श्रीमंत-गरीब या सर्वांना एकाच वेळी मत मिळाले. स्वित्झर्लंडसारख्या प्रगत देशातील स्त्रियांना राष्ट्रीय निवडणुकीत मत मिळायला १९७१ साल उजाडले.

पण कागदावरचा अधिकार हातात यायला आणखी एक पायरी लागते. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी याद्या करताना अनेक स्त्रियांनी स्वतःचे नावच सांगितले नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढेच सांगितले. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी ग्राह्य धरल्या नाहीत, आणि सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गेली. निर्णय कठोर होता, पण त्यातून देशाला कळले की मत माणसाला असते, नात्याला नसते. माझ्या आईने "माझं मत" असे म्हटले, त्यातला 'माझं' हा शब्द इतका मोठा आहे.

१९५२ चा धडा

मत बनले, अधिकार मिळाला, तरीही मोजणीचा नियम माहीत नसेल तर काय होते, हे पाहण्यासाठी त्याच पहिल्या निवडणुकीकडे यावे लागते. बाबासाहेब उत्तर मुंबईतून शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे उभे होते. हा मतदारसंघ द्विसदस्य होता. एक जागा सर्वसाधारण आणि एक राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मते होती, मात्र दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नव्हती. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे. दोन्ही मतपत्रिका एकाच पेटीत टाकल्या तर एकच धरली जाई आणि दुसरी बाद होई. आपल्या बोलीत यालाच 'मत कुजवणे' म्हणतात.

राखीव जागेवर काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांना १,३८,१३७ मते मिळाली आणि बाबासाहेबांना १,२३,५७६. घटनेचे शिल्पकार १४,५६१ मतांनी पराभूत झाले. त्या मतदारसंघात बाद ठरलेल्या मतपत्रिका होत्या ७४,३३३. म्हणजे पराभवाच्या फरकाच्या पाचपट. ती सगळी मते बाबासाहेबांना पडली असती असे म्हणता येणार नाही. परंतु मतदानाला जाऊनही हजारोंचे मत मोजलेच गेले नाही, एवढे तर खरे. बाबासाहेब आणि अशोक मेहता यांनी याविरुद्ध निवडणूक अर्जही केला होता. तो फेटाळला गेला. पुढे १९६१ च्या कायद्याने द्विसदस्य मतदारसंघच रद्द झाले.

आजचा नियम सोपा आहे. ज्याला सर्वांत जास्त मते, तो विजयी. निम्म्याहून जास्त मते मिळाली पाहिजेत अशी अट नाही. त्यामुळे मतांचा वाटा आणि जागांचा वाटा यांचा मेळ बसत नाही. २०१४ मध्ये भारतीय जनता पक्षाला सुमारे ३१ टक्के मतांवर २८२ जागा मिळाल्या. त्याच निवडणुकीत बहुजन समाज पक्षाला सव्वादोन कोटींहून अधिक मते पडली, आणि जागा मिळाली शून्य. देशभर विखुरलेली मते आणि एका ठिकाणी साचलेली मते यांत एवढा फरक पडतो. उलट १९९८ मध्ये महाराष्ट्रात रिपब्लिकन ऐक्य झाले, काँग्रेसशी समझोता झाला, आणि अकोल्यातून प्रकाश आंबेडकर, अमरावतीतून रा. सू. गवई, उत्तर मध्य मुंबईतून रामदास आठवले आणि चिमूरमधून जोगेंद्र कवाडे हे चौघे लोकसभेत गेले. चारही मतदारसंघ खुले होते. ऐक्य आणि समझोता यांचे गणित भावनेवर चालत नाही, ते या मोजणीच्या नियमावर चालते. समझोता करावा की न करावा, याचे उत्तर प्रत्येक वेळी वेगळे असेल, पण गणित न मांडताच उत्तर देऊ नये.

राखीव जागेविषयीही आपल्या मुलांमध्ये गैरसमज आहे. राखीव मतदारसंघात उमेदवार अनुसूचित जातीचा असतो, परंतु मतदान सर्वच करतात. म्हणून निवडून येणाऱ्याला आपल्यापेक्षा इतरांचे मन राखावे लागते. १९३२ च्या पुणे करारात स्वतंत्र मतदारसंघ जाऊन संयुक्त मतदारसंघ आले, त्याचा हा परिणाम आहे. आज लोकसभेच्या ५४३ पैकी ८४ जागा अनुसूचित जातींसाठी राखीव आहेत, पण ८४ जागा म्हणजे ८४ आवाज असे आपोआप होत नाही, ते याचमुळे.

शितावरून भाताची परीक्षा

निवडणुका आल्या की टीव्हीवर अंदाजांचा सुकाळ होतो. अमक्याला इतक्या जागा, तमक्याची लाट. ही मतचाचणी म्हणजे शितावरून भाताची परीक्षा. आपल्या घरातली बाई भात शिजला का ते कसे पाहते? पळीने खालीवर करून मग शीत चेपते. नुसत्या वरच्या शितावरून निर्णय केला तर तळाचा भात करपला की कच्चा राहिला ते कळत नाही.

अमेरिकेत १९३६ मध्ये 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने हीच चूक केली. सुमारे एक कोटी पत्रे पाठवली, वीस लाखांहून अधिक उत्तरे आली, आणि त्यावरून लँडन निवडून येणार असे जाहीर केले. प्रत्यक्षात रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. पत्ते मुख्यतः टेलिफोन आणि मोटारी असणाऱ्यांच्या याद्यांतून घेतले होते. मंदीच्या त्या काळात गरीब त्या यादीत नव्हताच. त्याच वेळी जॉर्ज गॅलप यांनी कितीतरी कमी लोकांना विचारून बरोबर अंदाज दिला, कारण त्यांनी सर्व थरांतले लोक निवडले होते. किती लोकांना विचारले यापेक्षा कोणत्या लोकांना विचारले हे महत्त्वाचे.

आपल्याकडे २०२४ मध्ये मतदानोत्तर चाचण्यांनी सत्ताधारी आघाडीला साडेतीनशेच्या पुढे नेले होते. निकालात तिला २९३ जागा मिळाल्या. विचारणाऱ्याला खरे उत्तर द्यायला गरीब माणूस कचरतो, हे आपल्याला सांगायला नको. म्हणून अंदाज ऐकून 'आता काय उपयोग' म्हणत घरी बसू नये, आणि जिंकणाऱ्याच्या मागे धावूही नये. याच कारणाने कायद्याने मतदान संपण्याच्या आधीच्या ४८ तासांत मतचाचणी दाखवायला आणि सर्व टप्प्यांचे मतदान संपेपर्यंत मतदानोत्तर चाचणी दाखवायला बंदी केली आहे.

पडद्यामागे आपण एकटेच

नोकरीमुळे मला निवडणुकीच्या कामावर जावे लागते. एकदा मी मतदान अधिकारी क्रमांक दोन होतो. डाव्या हाताच्या तर्जनीला शाई लावायची आणि नोंदवहीत सही घ्यायची, हे माझे काम. एक बाई आत आल्या. दारातून त्यांचा नवरा ओरडला, "सांगितलेलं बटण ध्यानात आहे ना?" केंद्राध्यक्षांनी त्याला बाहेर काढले. बाई पडद्यामागे गेल्या आणि नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ थांबल्या. मग यंत्राचा आवाज आला. त्यांनी कोणते बटण दाबले ते त्यांच्या नवऱ्यालाही कळले नसेल.

गुप्त मतदान ही पाश्चात्त्यांचीच देणगी आहे असे नाही. भिक्खू संघात शलाका वाटून मत घेत, आणि गुप्तपणे मत घेण्याचीही रीत विनयात सांगितलेली आहे. २५ नोव्हेंबर १९४९ च्या घटना समितीतील भाषणात बाबासाहेबांनी संघाच्या या मतदान पद्धतीची आठवण करून दिली होती.

म्हणून घरातल्या कर्त्या पुरुषांना माझी विनंती आहे. चर्चा जरूर करा, आदेश देऊ नका. निवडणुकीच्या आधी एक संध्याकाळ सगळे कुटुंब एकत्र बसा. उमेदवारांची शपथपत्रे निवडणूक आयोग उघड करतो. त्यांत मालमत्ता, शिक्षण आणि गुन्हे लिहिलेले असतात. ती मुलीला मोठ्याने वाचायला सांगा. मागच्या पाच वर्षांत आपल्या शाळेचे, शिष्यवृत्तीचे, पाण्याचे काय झाले ते आईला सांगू द्या, कारण पाणी तीच भरते. यादीत सर्वांची नावे आहेत का ते महिनाभर आधी पाहा. नसेल तर नमुना ६ भरा. मतदान केल्यावर शेजारच्या यंत्रात चिठ्ठी सात सेकंद दिसते, ती नीट पाहूनच बाहेर या. आणि कामगार बंधूंनो, मतदानाच्या दिवशी पगारी सुटी हा तुमचा कायदेशीर हक्क आहे.

त्या रात्री जेवण झाल्यावर माझ्या मुलीने उमेदवारांची शपथपत्रे मोबाईलवर काढली आणि आजीला वाचून दाखवली. आजीने तिला चार प्रश्न विचारले. दोघींचे एका उमेदवारावरून वाजलेही. सकाळी आम्ही चौघे एकत्र रांगेत उभे राहिलो. मी कुणालाही काही सांगितले नाही, आणि परत येताना कुणाला विचारलेही नाही.

वाटेत ती शेड लागते. पत्रे आता गंजले आहेत. आई तिच्या सावलीत दोन मिनिटे टेकली आणि शाईचे बोट पाहत म्हणाली, "आजचं माझं होतं बरं का."

जयभीम!